व्हेंटिलेटरने फुप्फुसांना इजा होते, मग तो लावतात कशासाठी?

आपल्या प्रश्नाचा आशय मी प्रथम माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपण बार्शीचे. आपल्या ४८ वर्षांच्या मामांना तापानंतर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला, त्यांना सोलापुरात आणून आयसीयूत दाखल केले आणि १२ दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. आता ते घरी आले आहेत, पण जिना चढताना त्यांना धाप लागते. त्या दिवसांत डॉक्टरांनी स्वतःच सांगितले होते, की यंत्रामुळे फुप्फुसांना इजा होऊ शकते. मॉनिटरवर ऑक्सिजन ८९-९० दिसत असतानाही त्यांनी तो वाढवला नाही, उलट पेशंटला तासन्‌तास पालथे झोपवले. घरातील मंडळी आता म्हणतात, की मशीननेच फुप्फुसे खराब केली. हे खरे आहे का, असा आपला प्रश्न आहे.

व्हेंटिलेटरने फुप्फुसांना इजा होऊ शकते, यात शंका नाही. मात्र ती किती होईल हे दोन गोष्टींवर ठरते: आजारानंतर हवा घेण्याजोगे किती फुप्फुस शिल्लक उरले आहे, आणि तेवढ्या फुप्फुसात प्रत्येक श्वासाला किती हवा घातली जाते. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून मला वाटते, की ८९-९० वर थांबणे हा निष्काळजीपणा नव्हता. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा, आणि बहुधा योग्य निर्णय असावा.

यंत्र स्वतः घातक नाही, हे आपल्या भागातील डॉक्टरांना दर पावसाळ्यात दिसते. शेतवस्तीवर जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या तरुणाला रात्री मण्यार चावते. दंशाच्या जागी धड सूजही नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही, आणि काही तासांत छातीचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू लागतो. असा पेशंट वेळेत आला तर तो काही दिवस व्हेंटिलेटरवर राहतो, विषाचा अंमल ओसरला की नळी निघते आणि बहुधा तो आपल्या पायांनी चालत घरी जातो. त्याची फुप्फुसे मुळात निरोगी होती, फक्त ती हलवणारे स्नायू बंद पडले होते. यंत्राने स्नायूंचे काम केले, एवढेच.

कृत्रिम श्वसनाची आजची पद्धत अशाच पेशंटांसाठी जन्माला आली. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाखाली छेद घेऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीपाळीने बसवून हाताने पिशवी दाबत श्वास द्यायला लावला. तेथेही अडचण स्नायूंची होती. पुढे हेच तंत्र न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग आणि अपघातानंतरची फुप्फुसे यांच्यासाठी वापरले जाऊ लागले, आणि शस्त्रक्रियागृहातील सवयीप्रमाणे वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिलिटर एवढा मोठा श्वास दिला जाऊ लागला. गोंधळ तेथे सुरू झाला.

आपल्या मामांना झालेल्या अवस्थेला आम्ही एआरडीएस म्हणतो. तिचे पहिले व्यवस्थित वर्णन १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ पेशंटांच्या आधारे केले. जंतुसंसर्गाने किंवा अन्य कारणाने वायुकोशांच्या भिंती सुजतात, रक्तवाहिन्यांतील प्रथिनयुक्त द्रव आत झिरपतो, वायुकोश उघडे ठेवणारा पदार्थ निकामी होतो आणि फुप्फुसाचा मोठा भाग पाण्याने भरून किंवा मिटून जातो. साध्या एक्स-रेवर हे दोन्हीकडे सारखे पसरलेले पांढरेपण दिसते, त्यामुळे सगळे फुप्फुस सारखेच आजारी आहे असा समज होता. १९८० च्या दशकात इटलीतील ल्युचानो गातिनोनी यांनी अशा पेशंटांचे सीटी स्कॅन तपासले तेव्हा चित्र वेगळे निघाले. उताण्या झोपलेल्या पेशंटचा पाठीकडचा भाग घट्ट मिटलेला असतो, छातीकडचा भाग मात्र बराचसा मोकळा असतो, आणि गंभीर एआरडीएसमध्ये हा मोकळा भाग एखाद्या लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. पेशंट प्रौढ, यंत्रावरील श्वास प्रौढाचा, आणि तो श्वास घेणारे फुप्फुस मात्र लहान मुलाएवढे, ही विसंगती इजेच्या मुळाशी आहे.

इजा नेमकी कशी होते, हे प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने उलगडत गेले. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी निरोगी उंदरांना ४५ सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने श्वास दिला, तेव्हा तासाभराच्या आत त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरले. त्याच कमाल दाबावर श्वास सोडल्यानंतरही थोडा दाब राखला, तर इजा बरीच कमी झाली. १९८८ मध्ये पॅरिसमधील ड्रेफस यांनी उंदरांची छाती आणि पोट बाहेरून आवळून तेवढाच दाब दिला. फुप्फुस फुगायला जागाच राहिली नाही, आणि इजाही झाली नाही. उलट बाहेरून छाती ओढून, म्हणजे आत दाब न देताही, फुप्फुस अति फुगवले तेव्हा इजा झाली. म्हणजे दोष दाबाच्या आकड्यापेक्षा ताणाचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

शिवाय मिटलेल्या आणि मोकळ्या वायुकोशांच्या सीमेवर हा ताण कितीतरी पट वाढतो. सोलापूरकरांना हे मागावरून चटकन कळेल: ताण्यातले काही धागे अडकून बसले, की ओढ शेजारच्या धाग्यांवर जाते आणि तुटतात तेच. १९७० मध्ये मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडले होते, की फुप्फुसातील दाब ३० सेंटिमीटर असताना अशा सीमेवरील ऊतींवर १४० सेंटिमीटरइतका ताण येऊ शकतो. प्रत्येक श्वासाला उघडणारे आणि पुन्हा मिटणारे वायुकोश घासले जातात ते वेगळेच. ताणलेल्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात, ती रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड, यकृत यांवरही परिणाम करतात. एआरडीएसचे बहुतेक पेशंट ऑक्सिजनअभावी जात नाहीत, अनेक अवयव एकामागून एक थकल्याने जातात, आणि त्यात व्हेंटिलेटरचाही थोडाफार वाटा असू शकतो. डॉक्टरांनी आपल्याला जे सांगितले ते याला धरूनच होते.

आता ८९-९० च्या आकड्याकडे येतो, कारण नातेवाइकांशी आमचे सर्वांत जास्त बोलणे याच आकड्यावरून होते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ८६१ पेशंट होते. एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटरचा, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे, श्वास दिला आणि दुसऱ्याला निम्मा, ६ मिलिलिटरचा. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के मृत्यू झाले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. पण माझ्या मते त्यातील सर्वांत शिकवणारी गोष्ट निराळी आहे. पहिल्या काही दिवसांत मोठ्या श्वासाच्या गटातील पेशंटांचे ऑक्सिजनचे प्रमाण अधिक चांगले होते. मॉनिटरकडे पाहणाऱ्या कोणालाही तोच गट सुधारतो आहे असे वाटले असते, आणि अधिक मृत्यू त्याच गटात झाले.

म्हणूनच एआरडीएसमध्ये रक्तातील ऑक्सिजनचे ८८ ते ९५ टक्के हे प्रमाण आम्ही पुरेसे मानतो. ९० चे ९८ करण्यासाठी दाब वाढवावा लागतो, श्वास मोठा करावा लागतो किंवा यंत्रातून जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि दीर्घकाळ दिलेला अतिरिक्त ऑक्सिजनही फुप्फुसाला बाधतो. त्या आठ टक्क्यांनी मेंदूला किंवा हृदयाला फारसे काही मिळत नाही, फुप्फुसाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. लहान श्वासाने तो साठतो, रक्त थोडे आम्लधर्मी होते, आणि श्वासांची संख्या वाढवूनही तो पूर्ण बाहेर पडत नसेल तर आम्ही तो एका मर्यादेपर्यंत चालवून घेतो. डोक्याला मार लागून मेंदूवर दाब वाढलेल्या पेशंटमध्ये मात्र ही सवलत घेता येत नाही.

किलोमागे ६ मिलिलिटर, यातील किलो कोणते, हे नवख्या डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडून सांगावे लागते. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, पोटाच्या घेरावर नाही. वजन वाढले म्हणून फुप्फुस वाढत नाही. म्हणून आम्ही टेपने टाळूपासून टाचेपर्यंत उंची मोजतो. पुरुषासाठी १५२.४ सेंटिमीटरच्या वरच्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.९१ ने गुणून त्यात ५० मिळवायचे, स्त्रीसाठी ४५.५ मिळवायचे, आणि येणाऱ्या वजनावर श्वास काढायचा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला हे वजन ६१.५ किलो येते आणि श्वास सुमारे ३७० मिलिलिटर. १५० सेंटिमीटर उंचीच्या, काट्यावर ७५ किलो भरणाऱ्या बाईंचे हे वजन ४३ किलोच्या आसपास येते आणि श्वास २६० मिलिलिटर. काट्यावरचे वजन धरले तर त्यांना ४५० मिलिलिटर दिले जातील, म्हणजे प्रत्यक्षात किलोमागे १० पेक्षा जास्त, आणि चार्टवर मात्र सगळे नियमानुसार दिसेल. ठेंगण्या आणि स्थूल स्त्रियांच्या बाबतीत ही गफलत सर्वांत सहज होते.

यंत्रावर श्वास आत गेल्यानंतर काही क्षण तो रोखून धरण्याचे एक बटण असते. हवा थांबली की स्क्रीनवरील दाबाची रेषा शिखरावरून खाली उतरून सपाट होते. शिखरावर ३८ दिसत असेल आणि सपाटीवर २६, तर फरक नळीतील कफाचा, आकसलेल्या श्वासनलिकांचा किंवा नळीच्या अरुंदपणाचा आहे, वायुकोशांवर २६ चाच दाब आहे. शिखर ३८ आणि सपाटीही ३५ असेल तर फुप्फुस ताणले जात आहे. हा सपाटीचा दाब ३० च्या आत ठेवायचा असतो. श्वास सोडल्यानंतर राखलेला दाब त्यातून वजा केला की जे उरते, ते १५ च्या खाली असावे असे २०१५ मध्ये आमातो यांनी केलेल्या विश्लेषणानंतर बहुतेक जण मानतात. मी स्वतः राउंडला ऑक्सिजनच्या आकड्याआधी हा फरक विचारतो. वायुकोश मिटू नयेत म्हणून राखलेला दाब किती असावा याचे एकच उत्तर नाही. एकाला ८ पुरतो, दुसऱ्याला १४ लागतो, आणि तिसऱ्याला तोच १४ दिला तर त्याचे मोकळे वायुकोश अति फुगून रक्तदाब खाली येतो.

आता ताणाच्या त्या मुद्द्याकडे परत येतो. पुष्कळ कुटुंबे म्हणतात, की नळी घालू नका, मास्कवरच बघू. काही पेशंटांत ते योग्यही असते. परंतु फुप्फुस ताठ झालेला पेशंट मिनिटाला ४० वेळा जीव तोडून श्वास ओढत असेल, मानेचे स्नायू ताणले जात असतील, तर तो स्वतःच्या छातीच्या ओढीने तेच फुप्फुस अति ताणत असतो. यंत्र नाही म्हणून इजा नाही, असे होत नाही. अशा वेळी नळी घालून, गुंगीचे औषध देऊन त्याचा जोर शांत करणे हाच फुप्फुस वाचवण्याचा मार्ग असतो. यंत्रावर असतानाही पेशंटची ओढ आणि यंत्राचा श्वास यांचा मेळ बसला नाही तर एका श्वासावर दुसरा चढतो आणि ३७० ऐवजी ७४० मिलिलिटर आत जातात. चार्टवर आकडा ३७० चाच राहतो. स्क्रीनवरच्या रेषेकडे पाहणारी अनुभवी सिस्टर हे डॉक्टरांच्या आधी ओळखते. म्हणूनच पहिले काही दिवस आपल्या मामांना झोपवून ठेवले असावे, कधी स्नायू सैल करणारे औषधही दिले असेल. ते सरसकट सर्वांना देण्याचा फायदा नाही, हे २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. ज्याला गरज आहे त्यालाच ते द्यावे.

बार्शी, पंढरपूर येथून ७०-७५ किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्या पेशंटांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, त्याची चर्चा फारशी होत नाही. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबणारा माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला हात जोरात आणि भरभर दाबतो. प्रौढांची पिशवी पूर्ण दाबल्यास गरजेपेक्षा कितीतरी अधिक हवा आत जाते. एका हाताने, छाती हलकीच उचलली जाईल इतकेच दाबावे, साधारण चार सेकंदांतून एकदा, आणि शक्य असेल तेथे वाहतुकीचा छोटा व्हेंटिलेटरच वापरावा.

पालथे झोपवण्याचे कारणही ताणाशीच निगडित आहे. उताणे असताना हृदयाचे वजन आणि पोटाचा रेटा पाठीकडच्या फुप्फुसावर असतो, आणि फुप्फुसाचा अधिक भाग पाठीकडेच असतो. पालथे केले की तो भाग उघडतो, हवा सगळीकडे अधिक सारखी पसरते आणि छातीकडच्या मोकळ्या भागावरील ओझे कमी होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधील अभ्यासात ४६६ गंभीर पेशंट होते. रोज किमान सलग १६ तास पालथे ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, उताणे ठेवलेल्यांपैकी ३२.८ टक्के. आणि येथेही तीच गोष्ट दिसली: पालथे केल्यावर ज्यांच्या ऑक्सिजनमध्ये विशेष सुधारणा झाली नाही, त्यांनाही फायदा झाला. फायदा आकड्यात नव्हता, टळलेल्या इजेत होता.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. एक जण फक्त डोक्याशी उभा राहून नळी धरतो आणि आकडे मोजण्याचा हुकूम त्याचाच चालतो, बाकीचे चार-पाच जण दोन्ही बाजूंना असतात. आधी नाकातून जाणारे अन्न थांबवतात, डोळे मिटून चिकटपट्टी लावतात, ईसीजीच्या तारा छातीवरून पाठीवर नेतात. वळवल्यावर छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशा, पोट मोकळे, मान एका बाजूला, आणि दर दोन तासांनी चेहऱ्याची बाजू बदलायची, नाहीतर गालावर आणि हनुवटीवर जखमा होतात. नातेवाइकांना सुजलेला चेहरा पाहून धक्का बसतो. ती सूज दोन दिवसांत उतरते. ज्या आयसीयूत रात्रपाळीला दोनच सिस्टर असतात तेथे हे होत नाही, आणि आपल्याकडे अडचण यंत्रांच्या संख्येपेक्षा माणसांच्या संख्येची अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके करूनही सगळे वाचत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० देशांतील आयसीयूंच्या पाहणीत एआरडीएसच्या सुमारे ४० टक्के पेशंटांचा रुग्णालयातच मृत्यू झाला होता. त्याच पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक पेशंटांना किलोमागे ८ मिलिलिटरपेक्षा मोठा श्वास मिळत होता, म्हणजे उपलब्ध ज्ञानाचा वापर प्रगत देशांतही अपुराच होता. तेव्हा पुढे कधी घरातील कोणावर ही वेळ आली, तर ऑक्सिजन किती आहे एवढेच विचारून थांबू नका. श्वास उंचीप्रमाणे दिला आहे का, सपाटीचा दाब किती आहे, पालथे करण्याची गरज आहे का आणि आज गुंगी कमी करून स्वतःचा श्वास तपासला का, हे शांतपणे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पूर्ण विसावलेले श्वासपटल दोन-तीन दिवसांतच बारीक होऊ लागते आणि नळीत कफाचा जंतुसंसर्ग होण्याचा धोका राहतोच.

मामांची आत्ताची धाप केवळ फुप्फुसांची असेलच असे नाही. टोरांटोमध्ये एआरडीएसमधून वाचलेल्यांचा ५ वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा फुप्फुसांच्या चाचण्या बहुतेकांच्या जवळपास पूर्ववत झाल्या होत्या, परंतु ६ मिनिटांत चालण्याचे अंतर अपेक्षेच्या तीन चतुर्थांशच होते. अंथरुणावर गळून गेलेले हातापायांचे स्नायू हे त्याचे मोठे कारण. त्यांना रोज थोडे थोडे चालवा आणि अंतर आठवड्याला वाढवा, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम करून घ्या, जेवणात डाळी, उसळी, दूध, चालत असल्यास अंडी वाढवा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास छातीच्या डॉक्टरांकडून वायूच्या देवाणघेवाणीसह फुप्फुसांची चाचणी करून घ्या. आयसीयूतील भास, रात्रीची भीती, चिडचिड हेही या आजाराचेच अवशेष आहेत, त्याला मनाचा कमकुवतपणा समजू नका. मात्र श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येऊ लागला किंवा धाप दिवसेंदिवस वाढत गेली, तर तिसरा महिना उजाडण्याची वाट पाहू नका. नळीच्या जागी श्वासनलिका आकसत असू शकते, आणि दमा समजून पंप देत राहण्याऐवजी दुर्बिणीने तपासून त्यावर वेळीच उपचार करता येतो.